लहान भिंगाची साक्ष : सूर्य व रात्रीच्या आकाशाच्या हौशी छायाचित्रणाची समीक्षा
(विशेष संदर्भ : अहिल्यानगर जिल्हा)

प्रस्तावना

चित्र, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेची मराठीत दीर्घ परंपरा आहे. त्या मानाने छायाचित्राची समीक्षा थोडी झाली, आणि आकाशाच्या छायाचित्राकडे तर ‘सुंदर’ व ‘अप्रतिम’ या दोन विशेषणांपलीकडे जाऊन पाहण्याची गरज क्वचितच कोणाला भासली. गेल्या पंधरा-वीस वर्षांत डिजिटल कॅमेरा, खांद्यावरच्या पिशवीत मावणारा ट्रायपॉड, ताऱ्यांच्या गतीने फिरणारा छोटा ट्रॅकर आणि अखेर मोबाइल यांमुळे हे छायाचित्रण वेधशाळेच्या घुमटाबाहेर पडले. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, म्हणजे कळसूबाई, हरिश्चंद्रगड, रतनवाडी, घाटघर या परिसरात, पुण्या-मुंबईचे हौशी छायाचित्रकार अमावास्येच्या सुमारास येतात. त्यांनी काढलेली आकाशगंगेची छायाचित्रे दिनदर्शिकांत, पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनांत झळकतात. छायाचित्राखाली बहुधा एवढेच लिहिलेले असते : ‘आकाशगंगा, भंडारदरा’.

या दोन शब्दांच्या मथळ्यात काय गळते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. आकाशाचे छायाचित्र हे चित्रही असते आणि साक्षही असते. लहान उपकरणांनी काम करणाऱ्या हौशी व्यक्तीच्या छायाचित्राला मूल्य येते ते मुख्यतः या दुसऱ्या अंगामुळे. आणि आज नेमके तेच अंग दुबळे होत चालले आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी प्रथम सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका छायाचित्राकडे जावे लागते. ते महाराष्ट्राच्याच भूमीवर घेतले गेले होते.

तळणी आणि जेऊर, 1898

22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून वऱ्हाडाकडे गेला. मुंबई इलाख्यात प्लेगची साथ चालू असतानाही या पट्ट्यात देशोदेशींच्या वेधमंडळींनी तळ ठोकले. विजयदुर्गावर सर नॉर्मन लॉकियर होते. सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर या रेल्वे स्थानकाजवळ दोन स्वतंत्र तळ होते : एक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा आणि दुसरा अमेरिकेच्या लिक वेधशाळेच्या डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांचा. (नगर तालुक्यातही एक जेऊर आहे, त्यामुळे या जिल्ह्यातील वाचकांची गल्लत होऊ शकते. ग्रहणाचे जेऊर ते नव्हे. मात्र करमाळा तालुका कर्जत आणि जामखेड यांना लागूनच असल्याने ते फार दूरही नव्हे.) ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशन या हौशी निरीक्षकांच्या संस्थेचा एक तळ भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील तळणी येथे होता.

कॅम्पबेल यांनी जेऊरला चाळीस फूट लांबीचा कॅमेरा उभा केला होता. सूर्यबिंबाची प्रतिमा भिंगाच्या नाभीय अंतराच्या सुमारे एकशेआठावा भाग भरते, या साध्या हिशोबाने त्या कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा सुमारे अकरा सेंटिमीटर व्यासाची पडत असे. सूर्यकडेलगतच्या प्रभामंडलाची बारीक वीण पाहायची तर एवढी मोठी प्रतिमाच हवी. परंतु काच कितीही मोठी घेतली तरी इतक्या मोठ्या बिंबाभोवतीचा दूरवरचा अवकाश तिच्यावर मावत नाही.

तळणीच्या तळावर ॲनी मॉन्डर यांच्याकडे होते दीड इंच व्यासाचे, अल्प नाभीय अंतराचे भिंग. ते केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयाने दिलेल्या अनुदानातून आलेले होते. ॲनी मॉन्डर (1868-1947) यांनी 1891 पासून ग्रिनिच वेधशाळेत गणकाचे काम केले होते. 1895 मध्ये विवाह झाल्यावर त्या काळच्या नियमानुसार ती नोकरी त्यांना सोडावी लागली. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने स्त्रियांना सभासदत्व दिले ते 1916 मध्ये. म्हणजे तळणीला आल्या तेव्हा त्यांच्याकडे पद नव्हते, वेतन नव्हते आणि त्या सोसायटीचे सभासदत्वही नव्हते. ‘हौशी’ हा शब्द मराठीत थोड्या सौम्य उपहासाने वापरला जातो. तळणीचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवल्यास तो उपहास गळून पडतो.

खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटे टिकली. त्या अवधीत या छोट्या कॅमेऱ्याने प्रभामंडलाचा एक अतिशय लांब किरण टिपला. सूर्यबिंबापासून कित्येक दशलक्ष किलोमीटर दूर गेलेला तो किरण तोपर्यंत छायाचित्रात नोंदल्या गेलेल्या किरणांहून लांब होता. चाळीस फुटी कॅमेऱ्याला जे शक्य नव्हते ते दीड इंची भिंगाला शक्य झाले, यात चमत्कार काही नाही. तारा बिंदुवत् असल्याने त्याच्यासाठी भिंगाचा व्यास महत्त्वाचा. पण पसरलेल्या फिकट प्रकाशासाठी नाभीय अंतराचे व्यासाशी असलेले गुणोत्तर महत्त्वाचे असते. हे गुणोत्तर निम्मे झाले की काचेवर पडणाऱ्या प्रकाशाची तीव्रता चौपट होते. लहान भिंग तोकडे नव्हते. त्याने वेगळा प्रश्न विचारला होता, आणि तो प्रश्न विचारण्यासाठी तेच योग्य साधन होते.

याच तळावर जॉन एव्हरशेड हेही होते. त्या वेळी तेही हौशी निरीक्षकच होते. पुढे 1907 मध्ये ते कोडाईकनालच्या सौर वेधशाळेत आले आणि 1909 मध्ये सौरडागांतील वायुप्रवाहाचा त्यांनी लावलेला शोध त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या सर्व तळांचे अहवाल निघाले. ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचा अहवाल 1899 मध्ये आणि नायगमवाला यांचा 1902 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणते उपकरण, कोणती काच, किती सेकंद, कोणत्या वेळी, आकाश कसे होते : अशा नोंदींनीच हे अहवाल भरलेले असतात. प्रभामंडलाच्या फिकट छटा त्या काळच्या छपाईत उतरत नसत. म्हणून डब्ल्यू. एच. वेस्ली यांच्यासारखे कुशल चित्रकार अनेक काचा समोर ठेवून त्यांतून एक एकत्रित रेखाटन करीत. आज ज्याला स्टॅकिंग म्हणतात त्याचे हे हस्तकौशल्याचे रूप होय. फरक एवढाच की रेखाटनाला रेखाटन म्हटले जाई.

नोंदीचे महत्त्व पटण्यासाठी याच ग्रहणाच्या संदर्भातील एक लोकप्रिय समज पुरेसा आहे. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला, असे कोकणात आणि मराठी वृत्तपत्रांतही आवर्जून सांगितले जाते, आणि त्यासाठी 18 ऑगस्ट 1868 ही तारीख दिली जाते. त्या दिवशीच्या ग्रहणात प्येर झान्सेन यांनी वेध घेतले ते आंध्रातील गुंटूर येथून. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा ऑक्टोबर 1868 मध्ये तेथूनच पाहिली. ते विजयदुर्गावर आले त्यानंतर तीस वर्षांनी. तत्पूर्वी 1895 मध्येच रॅम्झी यांना पृथ्वीवर हेलियम मिळाला होता. किल्ल्यावरील ‘साहेबाचे ओटे’ खोटे नाहीत. त्यांना चिकटवलेली तारीख खोटी आहे. स्थळ खरे आणि काळ चुकीचा असला की आदरापोटी सांगितलेली गोष्टसुद्धा दंतकथा होते.

चित्र की साक्ष?

या छायाचित्रांची समीक्षा कोणत्या निकषांवर करावी, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राला नवा नाही. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाचा विचार मांडला. त्या दृष्टीने पाहिले तर अकोल्याकडच्या रात्रीच्या छायाचित्रांपैकी चांगली छायाचित्रे सहज उत्तीर्ण होतात. खाली देवळाच्या शिखराचा काळा, स्थिर, टोकदार आकार. वर तिरपा, धूसर, प्रवाही पट्टा. जलाशयात त्याचे प्रतिबिंब. विरोध आहे, समतोल आहे. मग पट्टा दुसऱ्या रात्रीचा असला, दुसऱ्या गावचा असला, मूळच्या दुप्पट आकाराचा करून डकवलेला असला, तरी घाट ढळत नाही. केवळ घाटाचा विचार करणाऱ्या समीक्षेला येथे आक्षेप घेण्याचे कारणच सापडत नाही.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (1974) या ग्रंथात कलाविचाराच्या लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची चर्चा केली आहे. आकाशाचे छायाचित्र स्वतःच्या प्रकृतीनेच पहिल्या ध्रुवाकडे झुकते. ते पाहणाऱ्याला मनातल्या मनात सांगते : ‘असे आकाश या ठिकाणाहून या रात्री होते.’ प्रेक्षकाचा विस्मय या विधानावर उभा असतो. हे विधान काढून घेतले की उरते ते एक नेपथ्य. नेपथ्यालाही किंमत आहे, पण ते नेपथ्य म्हणूनच मांडले पाहिजे.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो बळकट आहे. कॅमेऱ्याला दिसणारे आकाश डोळ्यांना कधीच दिसत नाही. हरिश्चंद्रगडावरून निरभ्र अमावास्येला आकाशगंगा दिसते ती करड्या धुरासारखी. तिच्यातील तांबूस-निळे रंग अंधारात मानवी नेत्राला जाणवतच नाहीत. मग कोणत्याच छायाचित्राला खरे कसे म्हणावे? यावर उत्तर असे की डोळ्यांशी जुळणे हा सत्याचा निकष नव्हेच. वीस सेकंद साठवलेला प्रकाश हा आलेलाच प्रकाश आहे. पन्नास छायाचित्रांची सरासरी काढून संवेदकाचा दाणेदार गोंधळ कमी केला तर त्यात काही खोटे मिसळले जात नाही. उलट खरे अधिक स्पष्ट होते. प्रश्न प्रक्रियेचा नसून प्रक्रिया सांगितली की नाही, याचा आहे. वेस्लींचे रेखाटन प्रामाणिक ठरते ते याच कारणाने.

अकोल्याचे आकाश

सुदैवाने आकाश स्वतःच फार चांगला तपासनीस आहे. हरिश्चंद्रगडाचा अक्षांश सुमारे 19 अंश 23 मिनिटे उत्तर. त्यामुळे तेथे ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे 19 अंशांवरच असतो. आकाशगंगेचा केंद्राकडील तेजस्वी भाग धनू राशीत, खगोलीय विषुववृत्ताच्या 29 अंश दक्षिणेस आहे. म्हणून तो आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला जास्तीत जास्त सुमारे 42 अंश चढतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. ज्या छायाचित्रात तो डोक्यावर उभा आहे किंवा उत्तरेकडील डोंगरामागून वर येतो आहे, ते छायाचित्र अकोल्यातले नाही, निदान त्याचे आकाश तरी तिथले नाही.

काळाचेही तसेच. हा भाग मध्यरात्री माथ्यावर येतो तो जून-जुलैत, आणि त्याच महिन्यांत ‘नगर जिल्ह्याचे चेरापुंजी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घाटघरावर ढगांचे छत असते. येथील खरा हंगाम फेब्रुवारी ते मे या महिन्यांतील पहाटेपूर्वीचा आणि पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरातील संध्याकाळचा. या हंगामाची एक सौंदर्यदृष्टीही आहे, ती मात्र फार थोड्या छायाचित्रांत दिसते. फेब्रुवारीच्या पहाटे आकाशगंगा क्षितिजालगत आडवी पडलेली असते. ती वर उभी नसते म्हणून छायाचित्रकार तिच्याकडे दुर्लक्ष करतात. उभा पट्टा हा एक साचा झाला आहे, आणि साच्याबाहेरचे आकाश टाकून दिले जाते. संध्याकाळच्या संधिप्रकाशात देऊळ टिपायचे आणि पहाटे तीनचे आकाश त्यावर बसवायचे, ही पद्धत आता इतकी रूढ आहे की ती सांगण्याचीही आवश्यकता कोणाला वाटत नाही. अंधारात देवळाचे कोरीवकाम दिसत नाही. दिसू नये, हीच त्या रात्रीची खरी गोष्ट असते.

उन्हाळ्याच्या शेवटी भंडारदऱ्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा यांच्या झाडांवर काजवे चमकतात. त्यांची छायाचित्रे या परंपरेचीच धाकटी बहीण होय. दोन तासांत घेतलेली शंभरेक छायाचित्रे एकत्र केली की झाड हजारो ठिपक्यांनी लगडते. ते ठिपके खरे असतात. पण ते एकाच क्षणी कधीच पेटलेले नसतात. अशा छायाचित्राखाली ‘शंभर छायाचित्रे, दोन तास’ एवढे लिहिले तर ते काजव्यांच्या हालचालीचा सुंदर नकाशा ठरते. न लिहिले तर ते आमंत्रण ठरते. ते दृश्य शोधत मोटारींची रांग लागते, दिवे लागतात, आणि प्रकाशाच्या संकेतांवरच ज्यांचे मीलन अवलंबून आहे अशा कीटकांच्या अभयारण्यातला अंधार पातळ होतो. जो अंधार या छायाचित्रांचे भांडवल आहे, तो छायाचित्रांच्या कीर्तीनेच खर्च होतो आहे.

कळसूबाईवरून क्षितिजाकडे पाहिल्यास उत्तरेला नाशिकचा आणि पश्चिमेला थोडा दक्षिणेकडे मुंबईचा उजेड दिसतो. बहुतेक छायाचित्रकारांना हा उजेड डाग वाटतो. तो संगणकावर पुसला जातो किंवा त्याला पहाटेची लाली म्हणून खपवले जाते. समीक्षेच्या दृष्टीने हा सर्वांत खेदजनक भाग होय. कारण त्या डागात इतिहास आहे. सोडियमच्या दिव्यांचा उजेड नारिंगी असे. 2015 पासून देशभर रस्त्यांवर एलईडी दिवे बसवण्याची मोहीम सुरू झाली आणि शहरांच्या आभेचा रंग पांढुरका होऊ लागला. एकाच कड्यावरून, एकाच भिंगाने, तेवढ्याच एक्स्पोजरने दरवर्षी घेतलेले आणि काहीही न पुसलेले छायाचित्र या बदलाचा पुरावा होऊ शकते. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. अशा मान्यतेसाठी आकाशाच्या काळोखाची मोजणी द्यावी लागते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासाठी तशी मागणी उद्या कोणी केली, तर आजवर या परिसरात काढल्या गेलेल्या छायाचित्रांपैकी किती उपयोगी पडतील? देखण्या छायाचित्रांतील बहुतेक बाद होतील, एवढे निश्चित म्हणता येते.

सूर्याकडे पाठ

आकाशगंगेच्या मानाने सूर्याकडे हौशी छायाचित्रकारांचे लक्ष ग्रहणापुरतेच जाते, हे आश्चर्यकारक आहे. सूर्यासाठी अमावास्या लागत नाही, अंधारे गाव लागत नाही, रात्र जागावी लागत नाही. महाविद्यालयाची गच्ची पुरते. साठ मिलिमीटर व्यासाची छोटी दुर्बीण, तिच्या पुढच्या तोंडाला घट्ट बसवलेला आणि सूर्यप्रकाशाचा सुमारे एक लक्षांश भागच आत सोडणारा फिल्टर, आणि नेत्रिकेशी धरलेला मोबाइल एवढ्यावर सौरडाग स्पष्ट टिपता येतात. फिल्टर पुढेच हवा. नेत्रिकेला लावायचे जुने काळे काचतुकडे एकवटलेल्या उष्णतेने तडकतात आणि डोळा कायमचा जातो. महाविद्यालयाच्या भांडारात असा तुकडा सापडला तर तो फेकून देणेच शहाणपणाचे.

हायड्रोजनच्या 656.3 नॅनोमीटर तरंगलांबीचाच प्रकाश सोडणाऱ्या चाळीस मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीही आता पिशवीतून नेता येतात. त्यांतून सूर्यकडेवरच्या ज्वाला दिसतात. त्या महाग आहेत, आणि त्यांच्या छायाचित्रांत रंगाचा मोह पुन्हा डोके वर काढतो. मूळ प्रतिमा एकाच लाल रंगाची असते. सोनेरी-पिवळा सूर्य हा संगणकावर चढवलेला साज असतो. पांढऱ्या प्रकाशातील साधे, बिनरंगी, डागांचे छायाचित्र त्यापेक्षा अधिक बोलते.

मे 2024 मध्ये 3664 क्रमांकाचा सौरडागांचा प्रचंड समूह फिल्टरमधून नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता. त्याच समूहातील उद्रेकांमुळे 10 आणि 11 मे रोजी मोठे भूचुंबकीय वादळ झाले आणि लडाखमधील हान्ले येथून ध्रुवीय प्रकाशाची लाल आभा टिपली गेली. हा समूह जिल्ह्यातल्या कोणत्याही गच्चीवरून टिपण्याजोगा होता. सूर्य सुमारे सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती फिरलेला दिसतो, म्हणून ओळीने पाच-सहा दिवस, त्याच वेळी घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवली की डागांची सरक मोजून विद्यार्थ्याला हा काळ स्वतः काढता येतो. त्यासाठी दोन गोष्टी मात्र लिहून ठेवाव्या लागतात : वेळ, आणि प्रतिमेतील उत्तर दिशा. दुर्बिणीच्या कोनी आरशाने प्रतिमा डावी-उजवी उलटते. ट्रायपॉडवरील दुर्बीण स्थिर ठेवली तर बिंब ज्या बाजूला सरकत जाते ती पश्चिम. ही बाजू छायाचित्राच्या कडेवर एका बाणाने दाखवता येते. हा बाण असलेले छायाचित्र प्रदर्शनात जरा विद्रूप दिसते, आणि बहुधा त्यामुळेच तो काढून टाकला जातो.

डिजिटल फाइलमध्ये वेळ, एक्स्पोजर आणि भिंगाची माहिती कॅमेरा आपोआप नोंदवतो. पण तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ही नोंद गळून पडते आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर टिकते. तळणीच्या काचेला हा धोका नव्हता. तिची नोंद ॲनी मॉन्डर यांना हाताने, वेगळ्या कागदावर करावी लागली होती.